सातबारा मोबाइलवर आला, मग फेरफाराला पैसे अजून का लागतात?

शेतबांध

नमस्कार मंडळी.

डिजिटल सहीचा सातबारा आता १५ रुपयांत घरबसल्या मिळतो. नुसता बघायचा असेल तर फुकट. त्यासाठी चावडीवर खेटे घालणं, कुणाच्या सवडीची वाट बघणं बंद झालं. हा बदल खरा आहे आणि मोठा आहे. पण त्याच सातबाऱ्यावर नाव चढवायचं, म्हणजे फेरफार करायचा म्हटलं की गाडी पुन्हा जुन्या रस्त्याला लागते. आमच्याकडे वारस नोंदीचा दर वेगळा, खरेदीचा वेगळा, सोसायटीच्या कर्जाचा बोजा कमी करण्याचा वेगळा. दर सांगणारा माणूस सरकारी नोकरसुद्धा नाही. कार्यालयात खुर्ची टाकून बसलेला खासगी माणूस. साहेबांचा लॅपटॉप तोच चालवतो.

वडील गेल्यानंतर आम्ही भावंडांनी वारस नोंदीचा अर्ज दिला. मृत्यू दाखला, प्रतिज्ञापत्र, सगळं जोडलं. पैसे दिले नाहीत. अर्ज पडून आहे.

लाच कशामुळे, यावर नेहमी दोन उत्तरं ऐकतो: संस्कार कमी पडले आणि शिक्षण कमी पडलं. मला दोन्ही पटत नाहीत. एकाच गावातली, एकाच शाळेत शिकलेली माणसं, एका कामाला पैसे मागतात आणि दुसऱ्याला मागत नाहीत. मग काही कामांतून लाच गेली कशी आणि काहींत चिकटून राहिली कशी? अनुभव सांगा. पक्षांची भांडणं नकोत, एवढी विनंती.

मिरजकर

पक्षांची भांडणं नकोत म्हणालात, म्हणजे धाग्याची शंभरी होत नाही आता. :)

कृष्णाकाठ

तरुण मंडळींना सांगितलं तर खरं वाटत नाही, पण एके काळी घराला सिमेंट हवं तर परमिट लागायचं. फोनला नंबर लावायचा आणि मुलाच्या मुंजीला लावलेला नंबर लग्नात यायचा. स्कूटरचं तेच. जिथे माल कमी आणि तो कुणाला द्यायचा हे एक सही ठरवते, तिथे सहीला भाव येणारच.

याच सिमेंटवरून आपल्या राज्याच्या मुख्यमंत्र्यांना जायची वेळ आली. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांनी निकाल दिला आणि अंतुल्यांनी राजीनामा दिला. विषय होता सिमेंटचं वाटप आणि त्यांनी काढलेल्या प्रतिष्ठानाला मिळालेल्या देणग्या. त्यानंतरच्या महिन्यातच सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठलं आणि १९८९ ला पूर्ण गेलं. आज सिमेंटची गोणी घ्यायला कुणी कुणाला पाकीट देतं का? माणसं बदलली नाहीत, परमिट गेलं. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

वैनगंगा

अर्धं उत्तर पटलं, पण सगळं परमिटवर नका ढकलू जी. १९९१ नंतर परमिटं गेली, मग लाच काहून नाही गेली? पगार कमी म्हणून खातात, असंही म्हणायचे पूर्वी. सहावा वेतन आयोग आला, सातवा आला, पगार चांगले झाले. दर कमी झाला का? उलट वाढला.

आमच्या भागातलं उदाहरण देतो. गोसीखुर्द धरण. १९८३ साली अंदाज ३७२ कोटींचा. १९८८ ला भूमिपूजन झालं. २०१६ मध्ये सुधारित किंमत गेली साडेअठरा हजार कोटींच्या घरात. महागाई धरा, वाढलेलं भूसंपादन धरा, पुनर्वसन धरा, हे सगळं खरं आहे. पण कालव्याचं अस्तर निकृष्ट म्हणून उखडून परत करावं लागलं आणि गुन्हे दाखल झाले, हेही खरं आहे. माझ्या काकाचं घर बुडितात गेलं. ज्या कालव्यासाठी गेलं त्याचं पाणी टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला वेळेवर मिळालं नाही. परमिट कुठे आहे यात? इथे तर काम देणारं सरकार, मोजणारं सरकार आणि पास करणारंही सरकार.

साइटवरचा_बाबू

वैनगंगा, त्याला आमच्या भाषेत सुप्रमा म्हणतात, सुधारित प्रशासकीय मान्यता, म्हणजे वाढलेल्या खर्चाला मंजुरी. खरा खेळ तिथे असतो. मी ठेकेदाराकडे अभियंता म्हणून रस्त्यांवर काम केलंय, म्हणून थोडं आतलं सांगतो.

टेंडर ऑनलाइन झालं, दर उघड दिसतात, सगळं खरं. पण लोक पंचवीस-तीस टक्के बिलोने, म्हणजे सरकारी अंदाजापेक्षा तेवढ्या कमी दराने भरतात. एवढ्या खाली जाऊन काम परवडत नाही, हे भरणाऱ्याला ठाऊक असतं आणि उघडणाऱ्यालाही. वर टक्केवारी वेगळी: वर्क ऑर्डरला, एमबी (मोजमाप पुस्तक) लिहिताना, बिल काढताना. हे पैसे कुठून येणार? खडीच्या थरातून. डांबराच्या टक्क्यातून. साइड पट्टीतून. लोक म्हणतात रस्ता पावसाने गेला. पाऊस सगळीकडे पडतो.

आणि बिल वेळेत न मिळणं हाही लाचेचा कारखाना आहे. वर्षभर पैसे अडकलेला माणूस बिल काढायला काहीही द्यायला तयार होतो, कारण बँकेचं व्याज त्याहून जास्त असतं. वेळेवर पैसे देणारं खातं असेल तर तिथे टक्केवारी आपोआप कमी असते, हे मी दोन जिल्ह्यांत पाहिलंय.

सुगरण_नाशिक

पाऊस सगळीकडे पडतो!! वाक्य लिहून ठेवलं.

अनुराधा_प

सगळे मोठ्या आकड्यांबद्दल बोलताहेत. मी लहान आकड्याबद्दल बोलते. आमच्या बचत गटातल्या एका बाईला संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करायचा होता. नवरा नाही, शेती नाही. अर्ज भरून देणाऱ्याने आधी पाचशे घेतले, मग 'वर द्यायला' अजून. तिला मिळणाऱ्या पहिल्या दोन महिन्यांच्या पैशांएवढे तर अर्जातच गेले. श्रीमंत माणूस लाच देतो तेव्हा त्याचं काम लवकर होतं. गरीब माणूस देतो तेव्हा त्याच्या हक्काचं काम फक्त होतं. दोन्ही एकाच तराजूत तोलू नका.

मुंब्र्याला ४ एप्रिल २०१३ ला सात मजली इमारत पडली, ७४ माणसं गेली. काही महिन्यांत उभी राहिलेली बेकायदा इमारत. वरचं बांधकाम चालूच होतं आणि खाली लोक राहत होते. नंतर महापालिकेचे अधिकारी आणि पोलीस यांनाही अटक झाली. इमारतीतले बरेच रहिवासी मजूर होते. स्वस्तात खोली मिळाली म्हणून आले होते बिचारे.

श्रीवर्धनचा_पोरगा

याहून मोठी किंमत आमच्या रायगडच्या किनाऱ्याने पाहिलीय. १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिघी आणि शेखाडीला शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं. तस्करीचा माल समजून पैसे घेऊन डोळे मिटणारे कस्टमचे अधिकारी आणि पोलीस होते, न्यायालयात त्यांना शिक्षाही झाल्या. १२ मार्चला मुंबईत स्फोट झाले, २५७ माणसं गेली. चांदी सोडायला घेतात तसेच पैसे. गोणीत काय आहे हे विचारायचं नाही, हाच तर त्या पैशाचा अर्थ असतो. 'चहापाण्याने काय बिघडतं' असं कुणी म्हटलं की मला शेखाडी आठवते.

सुगरण_नाशिक

हे माहीत होतं, पण असं जोडून कधी वाचलं नव्हतं.

हार्बरवाली

मी सध्या हाँगकाँगला असते. इथली जुनी माणसं सांगतात त्या गोष्टी ऐकून मला आपल्याकडचं जिल्हा रुग्णालय आठवतं. साठ-सत्तरच्या दशकात इथे रुग्णवाहिकेवाले पेशंट उचलण्याआधी पैसे मागायचे, आया बेडपॅन द्यायला पैसे मागायच्या. त्यालाही इथे चहाचे पैसेच म्हणायचे. १९७३ मध्ये गॉडबर नावाचा बडा पोलीस अधिकारी चौकशी चालू असताना इंग्लंडला पळाला. लोक रस्त्यावर आले. १९७४ च्या फेब्रुवारीत स्वतंत्र आयोग निघाला, जो पोलिसांच्या हाताखाली नव्हता. पुढच्या वर्षी गॉडबरला परत आणून शिक्षा झाली.

मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. त्या आयोगाला तीन विभाग होते. एक पकडणारा, एक लोकांमध्ये जाऊन बोलणारा. आणि तिसरा फक्त प्रत्येक खात्याची कामाची पद्धत तपासणारा: अर्ज कुठे थांबतो, कुणाच्या मर्जीवर काय आहे. तो कुणाला पकडत नाही, पकडायची वेळ येऊ नये हे बघतो. आपल्याकडे हा तिसरा विभाग कुठे आहे?

कृष्णाकाठ

हार्बरवाली, माहिती छान. पण ते एक शहर. आपला एकेक जिल्हा तेवढा.

हार्बरवाली

काका, शहर लहान म्हणून सोपं गेलं असं नाही. १९७७ मध्ये इथले पोलीसच चिडून आयोगाच्या कार्यालयात घुसले होते, मारहाण केली. शेवटी गव्हर्नरला जुन्या बऱ्याचशा प्रकरणांना माफी जाहीर करावी लागली. म्हणजे मागचं सोडा, इथून पुढचं धरू, असा सौदा झाला. तो बरोबर होता की नाही यावर इथे अजून मतभेद आहेत. मला विचाराल तर, वीस वर्षांपूर्वीची प्रकरणं चघळत बसण्यापेक्षा आजपासूनची पक्की धरणं जास्त उपयोगाचं.

वैनगंगा

हे नाही पटलं. माफी? कालव्याचे पैसे खाल्ले त्यांना माफी? नाही बाप्पा.

निवृत्त_लेखाधिकारी

मी चौतीस वर्षं सरकारी सेवेत होतो, लेखा शाखेत. सगळ्यांना एका माळेत ओवू नका, एवढं आधी सांगतो. एक रुपयाही न घेता निवृत्त झालेले तलाठी, ग्रामसेवक, ओव्हरसीयर मी ओळखतो. त्यांच्या बदल्या कुठे कुठे झाल्या हेही ओळखतो, आणि आता मुद्द्यावर येतो.

मलईची जागा मिळवायला माणूस पैसे मोजून येतो. तीन वर्षांची मुदत. पहिल्या वर्षात भांडवल सुटलं पाहिजे, दुसऱ्यात नफा, तिसऱ्यात पुढच्या बदलीची तरतूद. खालचा कर्मचारी घेतो त्यातला किती त्याच्याकडे राहतो, हे बाहेरच्यांना कळत नाही. म्हणून खालच्याला पकडून काही दिवस शांतता होते आणि नवा माणूस त्याच भांडवलाच्या ओझ्याखाली येतो. कृष्णाकाठ यांचं परमिट आणि वैनगंगा यांचा पगार, या दोघांच्या मधला दुवा बदली आहे.

यावर आपल्या राज्यात कायदा आहे. २००५ चा, बदल्यांचं विनियमन आणि दफ्तर दिरंगाईचा. अण्णा हजाऱ्यांच्या आंदोलनांच्या मागण्यांपैकी एक. तीन वर्षांच्या आत बदली नको, झाली तर लेखी कारण हवं. पण 'विशेष कारणास्तव' ही खिडकी इतकी रुंद निघाली की अख्खा हत्ती जातो. त्याच कायद्यात दुसरी गोष्ट आहे, जी फार कमी लोक वापरतात: कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजी दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. तातडीच्या फायलींना त्याहून कमी मुदत.

शेतबांध, तुमचा अर्ज कुणाच्या टेबलावर कोणत्या तारखेला आला आणि कधी पुढे गेला, याची प्रत मागा. माहिती अधिकारात. दहा रुपये फी, तीस दिवस मुदत. 'काम का झालं नाही' असं विचारू नका. का विचारलं की उत्तर देत नाहीत. तारीख विचारा.

मिरजकर

'तारीख विचारा' हे आमच्या घरी लग्न ठरतानाच वापरायचे. :) पण सल्ला सोन्यासारखा आहे.

टेकडीवरून

माहिती अधिकाराचा विषय निघालाच आहे तर दुसरी बाजू. आमच्या भागात काही जणांनी त्याचा धंदा केलाय. बांधकामाची माहिती मागवायची, मग बिल्डरकडे आणि अधिकाऱ्याकडे तडजोडीला जायचं. सरकारी माणसं या कायद्याला घाबरतात ती प्रामाणिक अर्जदाराला नाही, या खंडणीवाल्यांना.

अनुराधा_प

असे लोक आहेत, नाकारत नाही. पण त्यांचा धंदा कशावर चालतो? लपवलेल्या माहितीवर. माहिती अधिकाराच्या कलम ४ मध्ये म्हटलंय की बरीचशी माहिती खात्याने स्वतःहूनच उघड करावी. सगळे बांधकाम परवाने नकाशासह संकेतस्थळावर टाका, उद्यापासून कुणाला काय विकणार?

आणि दुसऱ्या बाजूला तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी आठवा. जमिनींचे घोटाळे बाहेर काढत होते. १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेले असताना खून झाला. तक्रारदारांना संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ मध्ये केला, पण तो लागूच केला नाही. आणि आता २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्याने माहिती अधिकारातल्या त्याच विषयाच्या कलमाला कात्री लावलीय. लाभार्थ्यांची नावं वैयक्तिक म्हणून नाकारली, तर बोगस लाभार्थी सापडणार कसा?

भटक्या_राजस्थान

ताई, नावांच्या मुद्द्यावर लिहायलाच हवं. कामानिमित्त राजस्थानातल्या राजसमंद भागात बरीच वर्षं आहे. माहिती अधिकार दिल्लीत जन्मला असं बऱ्याच लोकांना वाटतं. तो इथल्या दुष्काळी कामांवर जन्मला. मजुरांना किमान वेतन मिळत नव्हतं. 'तुम्ही काम कमी केलं' असं सांगायचे. मजूर म्हणाले, मग हजेरीपट दाखवा. दाखवेनात. १९९४ पासून मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाई घ्यायला सुरुवात केली. कागद मिळवायचे, मांडव घालायचा आणि गावासमोर मोठ्याने वाचायचे. मेलेल्या माणसांची नावं हजेरीवर निघाली. झालेल्या दाखवलेल्या कामांच्या जागी काहीच नव्हतं. गावाला काही समजावून सांगावं लागलं नाही. १९९६ ला ब्यावरला चाळीस दिवस धरणं धरलं, तिथून कायद्याची मागणी देशभर गेली.

आपल्याकडे तर रोजगार हमी त्याच्याही आधीची. हजेरीपट आपल्याला नवा नाही. मोठ्याने वाचण्याची पद्धत मात्र पडली नाही. ग्रामसभेत खर्चाचं वाचन होतं म्हणतात, पण कोरम नाही म्हणून तहकूब आणि नंतर घरोघरी सह्या.

पेडण्याची_माई

गोव्यातसुद्धा तेच हो. ग्रामसभेत पंचाला प्रश्न विचारला की माईक बंद पडतो. आमच्या वाड्यावरची बायकामाणसं आता आपला वेगळा स्पीकर घेऊन जातात.

सुगरण_नाशिक

माई, हा खरा तांत्रिक उपाय!

ॲड_सातारकर

दोन-तीन ठिकाणी 'तक्रार करून काय होणार' हा सूर दिसला, म्हणून लिहिते. मी अशा खटल्यांत दोन्ही बाजूंनी उभी राहिले आहे.

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. तक्रार केली की लगेच सापळा लागत नाही. आधी पडताळणी होते. तुम्हाला रेकॉर्डर देतात, पंचासोबत पाठवतात आणि समोरचा खरंच मागतोय का हे बघतात. मागणी सिद्ध होणं हा खटल्याचा कणा आहे, नुसते पैसे खिशात सापडणं पुरेसं नाही. मग नोटांना पावडर लावतात, नंतर हात सोड्याच्या पाण्यात धुतले की पाणी गुलाबी होतं. सापळ्यात वापरलेले तुमचे पैसे विभाग परत करतो. तुमचं अडलेलं काम मार्गी लावायलाही मदत करतो.

२०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही गुन्हा आहे. पण ज्याला द्यायला भाग पाडलं त्याने सात दिवसांत कळवलं तर त्याला संरक्षण आहे. आधीच कळवून सापळ्यासाठी दिली तर गुन्हा नाहीच. त्याच दुरुस्तीत अधिकाऱ्याच्या निर्णयांची चौकशी सुरू करण्याआधी पूर्वपरवानगीची अट आली. रंगेहाथ पकडण्याला ती लागू नाही. म्हणजे पाचशे घेणारा तलाठी लगेच सापडतो, आणि ज्याने फाइलवर सही करून कोट्यवधींचं नुकसान केलं त्याची चौकशी परवानगीच्या रांगेत उभी राहते. मला हे चुकीचं वाटतं आणि मी ते न्यायालयातही मांडलंय.

खरी अडचण नंतर येते. अभियोग मंजुरीला, म्हणजे खटला भरायच्या सरकारी परवानगीला वेळ, खटल्याला वर्षं. तोवर साक्षीदार कंटाळतो, गावातून दबाव येतो, तो फिरतो. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की तक्रारदार फितूर झाला किंवा वारला तरी इतर पुराव्यांवरून मागणी सिद्ध करता येते. त्याने थोडा फरक पडेल.

टेकडीवरून

वकीलबाई, तक्रार केल्यावर त्या कार्यालयात पुन्हा काम पडलं तर? गावात तर तेच कार्यालय आयुष्यभर.

ॲड_सातारकर

ही भीती खोटी नाही. माझ्या एका अशिलाचं पुढचं प्रत्येक काम 'नियमानुसार' झालं, म्हणजे शेवटच्या दिवशी आणि प्रत्येक वेळी एक त्रुटी काढून. म्हणून एकट्याने जाऊ नका असं मी सांगते. चार शेतकरी मिळून गेले की डूख धरायला कठीण जातं.

कृष्णाकाठ

निवडणुकीचं कुणीच बोललं नाही अजून. पक्ष नको म्हणून टाळलंत, पण पक्षाचं नाव न घेताही बोलता येतं. २०२१ च्या सुरुवातीला नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबारमधलं खोंडामळी, या दोन गावांच्या ग्रामपंचायत निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने रद्द केल्या. का? तर पदांचा लिलाव झाला. देवळासाठी वर्गणी म्हणून बोली लावली. गावाला वाटलं चांगलं काम झालं, देऊळ झालं, खर्च वाचला. बोली लावणाऱ्याने पैसे कुठून काढले असते? निवृत्त साहेबांनी बदलीचं जे गणित सांगितलं तेच इथे.

गावात हे, तर दिल्लीत निवडणूक रोखे. देणगी कुणी दिली हे मतदाराला कळायचंच नाही अशी सोय. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली.

वैनगंगा

आणि मत द्यायला पाकीट घेणारे? तेही लिहा काका. आमच्या वॉर्डात आदल्या रात्री दार उघडं ठेवून झोपतात लोक. ज्यानं पाकीट घेतलं त्यानं नंतर कोणत्या तोंडानं कालव्याचं विचारायचं?

भटक्या_राजस्थान

पाकीट घेऊनही विचारायचं! हक्क विकला जात नाही त्याने. गरिबाने पाकीट घेतलं म्हणून त्याचं तोंड बंद करणं, हे पाकीट देणाऱ्याच्याच सोयीचं आहे.

वैनगंगा

हे आवडलं. मान्य.

गाडीवाला_ठाणे

थोडं अवांतर. लायसनची परीक्षा. शिकाऊ लायसन आता घरून काढता येतं, पोरीने काढलं, एक रुपया जास्त नाही. पक्क्याला मात्र ट्रॅकवर जावं लागतं, आणि ट्रॅकवर माणूस उभा असतो. शिकवणाऱ्या स्कूलने आधीच 'सगळं धरून' रक्कम सांगितली. तिने स्वतः जाऊन दिली, पास झाली. पण तिच्या आधी एकजण आठ काढताना पाय टेकून पास झाला. तो उद्या माझ्या समोरून येणार आहे.

साइटवरचा_बाबू

अवांतर नाही हो, धाग्याचं उत्तरच आहे. यंत्राने जे तपासता येतं तिथली लाच गेली. माणसाच्या डोळ्यांनी तपासायचं तिथे राहिली. रस्त्याच्या जाडीलाही तेच लागू. कोअर, म्हणजे रस्त्याचा आरपार तुकडा कापून प्रयोगशाळेत पाठवला तर आकडा येतो. पण कोअर कुठून कापायचा हे जो ठरवतो, त्याला आदल्या दिवशी जेवण असतं.

निवृत्त_लेखाधिकारी

बरोबर, आणि इथून मूळ प्रश्नाकडे येता येतं. सातबाऱ्याची प्रत देणं यात निर्णय नाही. आहे ते छापायचं. म्हणून यंत्राला देता आलं आणि अडवणूक संपली. फेरफार हा निर्णय आहे. तलाठी नोंद धरतो (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी), हितसंबंधितांना नोटीस काढतो, पंधरा दिवस हरकतीसाठी थांबायचं, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. यातली प्रत्येक पायरी गरजेची आहे. बहिणीचं नाव वगळून वारस नोंद होऊ नये म्हणूनच हा वेळ ठेवलाय. पण प्रत्येक पायरीवर एक माणूस 'आज नाही' म्हणू शकतो.

खरेदीखताच्या बाबतीत दुय्यम निबंधकाकडे दस्त झाला की माहिती परस्पर तलाठ्याच्या प्रणालीत जाते. तिथे नोंद धरायची की नाही हा प्रश्न उरला नाही, प्रमाणित कधी करायची एवढाच उरला. वारस नोंदीचा अर्ज ई-हक्क प्रणालीतून करता येतो. त्याचा मोठा फायदा म्हणजे अर्जाला क्रमांक आणि तारीख मिळते. हाताने दिलेल्या अर्जाला पोच घेतली नसेल तर तो दिलाच नव्हता असं समजा.

निर्णय माणसाकडेच राहणार. त्याला मुदत, क्रम आणि लेखी कारण या तीन खुंट्या मारल्या की त्याचा भाव उतरतो. आधी आलेला अर्ज आधी, हे कुणालाही बघता येईल असं लागलं की रांग मोडण्याचे पैसे मागता येत नाहीत.

शेतबांध

सगळ्यांचे मनापासून आभार. मधल्या काळात काय झालं ते सांगतो. लेखाधिकारी साहेबांनी सांगितलं तसं ई-हक्कमधून नव्याने अर्ज केला. जुन्या अर्जाची पोच होती, म्हणून त्याच्या टेबलागणिक तारखा माहिती अधिकारात मागितल्या. माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर अजून यायचंय, पण नोंद धरली गेली, नोटिसा निघाल्या, बहिणींनाही मिळाल्या. पंधरा दिवस सुरू आहेत. खासगी माणूस अजून त्याच खुर्चीवर आहे.

मात्र शेजारच्या दोघांनी याच काळात पैसे देऊन काम करून घेतलं आणि मला म्हणाले, तू शिकलेला आहेस, तुला जमतं. हे मला बोचलं. अनुराधाताई लिहितात त्या बाईला ई-हक्क कोण भरून देणार?

अनुराधा_प

आम्ही भरतो. बचत गटाच्या बैठकीच्या दिवशी दोन मुली लॅपटॉप घेऊन बसतात. फी फक्त छापायच्या कागदाची. तुमच्या गावात असं चालू करायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, अर्जांचे नमुने पाठवते.

ॲड_सातारकर

शेतबांध, खासगी माणसाबद्दल तहसीलदारांकडे लेखी तक्रार करा, फोटोसह. शासकीय प्रणालीचा लॉगिन बाहेरच्या माणसाला वापरू देणं हा स्वतंत्र विषय आहे आणि तो वरिष्ठ गंभीरपणे घेतात. आणि कार्यालयात लोकसेवा हक्क कायद्याचा फलक आहे का बघा. २०१५ चा कायदा आहे. कोणती सेवा, किती दिवसांत, कुणी द्यायची आणि अपील कुणाकडे, हे फलकावर लावणं बंधनकारक आहे. मुदतीत सेवा न देणाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. फलक नसेल तर तीच पहिली तक्रार.

भटक्या_राजस्थान

आणि पुढच्या ग्रामसभेत प्रलंबित फेरफारांची यादी तारखांसह वाचून दाखवायचा ठराव मांडा. ठराव फेटाळला तरी इतिवृत्तात येतो.

शेतबांध

१ मे ची ग्रामसभा आहे. मांडतो. अनुराधाताई, व्यनि केलाय.

टेकडीवरून

गावठाणातल्या घराच्या मालमत्ता पत्रकाला हीच पद्धत चालते का? आमचं तिथे अडलंय.

निवृत्त_लेखाधिकारी

ते भूमी अभिलेख खात्याकडे, तिथे परिरक्षण भूमापक नोंद धरतो. नोटिशीची पायरी तशीच आहे, कार्यालय वेगळं. तुमच्याकडे पोच आहे का, आणि कोणत्या तारखेची, एवढं आधी सांगा.